मिलमधलं स्टीम हीटिंग: एखादाच हीटर गार राहतो तेव्हा

थंडीत लाईन चालू केली, प्रेशर बरोबर दिसतंय, तरी एखाद्या कोपऱ्यातला हीटर गारच, अशा वेळी बॉयलरच्या मागे लागण्याआधी त्या हीटरचा स्टीम ट्रॅप (स्टीम अडवून फक्त तिचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

१. लाईन गरम होऊन स्थिर होऊ द्या, लगेच घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही.

२. इन्फ्रारेड गनने (न टेकवता तापमान दाखवणाऱ्या थर्मामीटरने) ट्रॅपच्या आधीच्या पाईपचं तापमान घ्या. ३ बार गेज प्रेशरला (म्हणजे गेजवर दिसणाऱ्या प्रेशरला) स्टीम साधारण १४४ अंश सेल्सिअस असते, पाईप वरून थोडा कमी दाखवणारच. पण चकचकीत पाईपवर गन भलतंच कमी दाखवते, म्हणून तिथे उष्णता सहन करणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका कायमचा मारून ठेवा.

३. आधीची बाजूच गार असेल तर ट्रॅप किंवा स्ट्रेनर (ट्रॅपच्या आधीची कचरा अडवणारी जाळी) चोक, नाहीतर त्याच्या आधीचा स्टीमचा व्हॉल्व्हच बंद (हे पण होतं बरं का).

४. ट्रॅपच्या पुढच्या पाईपचंही तापमान घ्या. दोन्ही बाजू गरम असल्या तर लगेच ट्रॅप बाद करू नका, ट्रॅपपुढच्या कंडेन्सेट (स्टीमचं झालेलं पाणी) लाईनमध्ये फ्लॅश स्टीम, म्हणजे प्रेशर कमी झाल्यावर त्या गरम पाण्याचीच परत झालेली वाफ, असतेच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवून मूठ कानाला लावा. डिस्कवाला ट्रॅप (आत उघडझाप करणारी चकती असलेला) थांबून थांबून टक् करतो, सतत सूं सूं येत असेल तर स्टीम वाया चाललीय. फ्लोट ट्रॅप (आत पाण्यावर तरंगणारा गोळा असलेला) मात्र सतत वाहतो, त्याला हा नियम लावू नका.

सुरुवातीला ड्रेन उघडून मेन व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, गार लाईनमध्ये एकदम स्टीम सोडली तर वॉटर हॅमरने (स्टीमने ढकललेल्या पाण्याच्या दणक्याने) जॉइंट फुटू शकतो.