आधी टाउनलँड कोणत्या युनियनमध्ये, ते बघा

डब्लिनला अभिलेखागाराचं काम शिकायला येणारी आपली मुलं मला हल्ली आवर्जून विचारतात, काउंटीच्या दफ्तरखान्यात जाऊन नक्की बघायचं काय? मी शिकत असताना काही आठवडे डोनेगल काउंटीच्या दफ्तरात बसले होते, लिफर्डला. फिन आणि मोर्न या दोन नद्या तिथे मिळतात आणि पुढे फॉइल म्हणून वाहतात. पूल ओलांडला की स्ट्रबेन, म्हणजे उत्तर आयर्लंड. या पुलाने मला जे शिकवलं ते आधी सांगायला हवं.

परदेशातून एका कुटुंबाची चौकशी आली होती. त्यांचे पूर्वज लिफर्डजवळच्या एका टाउनलँडमधले (टाउनलँड म्हणजे साधारण आपलं मौजे), दुष्काळाच्या वर्षांत वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवायच्या सरकारी घरात, गेलेले. मी लेटरकेनी आणि स्ट्रॅनोर्लर या दोन युनियनची, म्हणजे वर्कहाउस चालवणाऱ्या विभागांची, सभांची इतिवृत्तं चार दिवस पान न् पान चाळली. काही नाही. शेवटी तिथल्या बाईंनी युनियनचा नकाशा समोर उलगडला. १८३८च्या गरीब कायद्याने देशाचे आधी १३० युनियन केले, ते बाजारपेठेच्या गावाभोवती. काउंटीची हद्द कुणी पाळली नाही. लिफर्डचा भाग स्ट्रबेन युनियनमध्ये गेला आणि त्या युनियनचे कागद आज बेलफास्टला आहेत. मी बसले होते ते गाव डोनेगलचं, पण त्याच गावचा गरीब माणूस नदीपलीकडच्या वर्कहाउसच्या वहीत.

म्हणून पहिलं काम हेच. ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७ ते १८६४), म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची मोजदाद, इंटरनेटवर फुकट बघता येतं. त्यात टाउनलँड, पॅरिश आणि युनियन कळतं, शिवाय कोण कुणाची जमीन कसत होता तेही.  आयर्लंडभर टाउनलँड साठ हजारांहून जास्त आहेत. डोनेगलमध्ये गॅलाहर आणि ओ'डॉनेल इतके, की टाउनलँडशिवाय नुसत्या नावाला काही अर्थ नाही. त्यात स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. खडकीचं 'किरकी' झालेलं आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे नाव मोठ्याने म्हणून बघायची सवय आपल्याला चटकन लागते. वाचनकक्षात ते हळू म्हणा, एवढंच.

वर्कहाउसचे जुने कागद काउंटीत राहिले म्हणून वाचले. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं, त्यात १८२१ ते १८५१ची जनगणना जवळजवळ सगळी गेली. त्यापुढच्या चार जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केलेले होते. त्यामुळे देशभराची पूर्ण जनगणना मिळते ती १९०१पासून. मधल्या काळातला गरीब माणूस शोधायचा तर या वह्यांशिवाय फारसा आधार नाही. ही गोष्ट मला अजून सुन्न करते.

१८९९मध्ये काउंटी कौन्सिल आल्या. त्याआधी रस्ते-पुलांचा कारभार ग्रँड ज्युरीकडे, म्हणजे जमीनदारांकडे होता. रस्त्यांवर अभ्यास असेल तर त्यांचे कागद मागा.

आता इतिवृत्ताची वही. दोन्ही हातांनी उचलावी लागते. आठवड्याच्या नोंदीत छापील तक्ता असतो : मागची शिल्लक, आत आलेले, जन्मलेले, बाहेर गेलेले, मेलेले, उरलेले. आपल्या रोजकीर्दीसारखाच, फक्त रकमेच्या जागी माणसं. त्याखाली दूध, ओटचं पीठ, ब्रेड यांची कंत्राटं, डॉक्टरांचा अहवाल, डब्लिनहून आलेली पत्रं. दुष्काळातल्या १८४७च्या पानांवर पोचलात की घाई करू नका. 'मेलेले' हे सदर आठवड्यामागून आठवडा नुसतं खाली वाचत जा. नावं मात्र तिथे क्वचितच सापडतात.

नावं असतात प्रवेशाच्या रजिस्टरात, आणि ती रजिस्टरं मोजक्याच ठिकाणी टिकली. टिकलेल्या रजिस्टरात वय, धर्म, धंदा, नवरा-बायकोचं नाव, आला तेव्हाची प्रकृती, राहण्याची जागा, आल्याची तारीख आणि सुटल्याची किंवा मेल्याची तारीख, सगळं एका आडव्या ओळीत. त्यातलं निवडणूक-विभागाचं सदर नीट बघा. माणसाचा खर्च कोणत्या विभागाच्या करदात्यांवर टाकायचा, हे त्यावरून ठरायचं. ज्याचा विभाग ठरेना, तो 'युनियन ॲट लार्ज', म्हणजे सगळ्या युनियनच्या खर्चात. मी बराच वेळ हे कुठल्यातरी गावाचं नाव समजत होते! कळलं तेव्हा त्या एका ओळीत बेघर माणूस दिसायला लागला. ही वही माणसांची आठवण ठेवायला लिहिलेली नाही, हिशेबाला लिहिलेली आहे. कोणत्या कचेरीने, कुणाचा पैसा मोजायला लिहिलं, हे कळल्याशिवाय कोणतंही सदर वाचू नका.

बाकीचं साधं आहे. जाण्याआधी ईमेल करून वेळ घ्या आणि त्यात टाउनलँड लिहा. आत फक्त पेन्सिल. कागदाला हातमोजे लागत नाहीत, हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. वही स्पंजच्या उतरत्या उशीवर ठेवा, सपाट उघडलीत तर शिवण तुटते. फोटो काढलात तर वहीचा क्रमांक आणि तारीख आधीच्या फोटोत घ्या, नाहीतर घरी आल्यावर सगळी पानं सारखी दिसतात.

त्या कुटुंबाला मी उत्तर पाठवलं ते चार ओळींचं : टाउनलँड, पॅरिश, युनियन, आणि बेलफास्टच्या दफ्तराचा पत्ता.