कौलारू घरात गिटार ॲम्प रेकॉर्ड करताना

फोंड्याला आमच्या घराशेजारून सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत जातो. माझ्या एका झकास टेकमध्ये तो कायमचा बसलाय. दुपारी शेजारच्या काकी आडव्या होतात, म्हणून मी दहा ते बारा हीच वेळ धरतो.

ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, खुर्चीवर चढवा, फरशीवर खर्ज फुगतो. शूअर एसएम ५७ हा माइक ॲम्पच्या जाळीपासून दोन बोटं लांब. मग टॉर्च मारून जाळीआड स्पीकरच्या मधली गोल टोपी शोधा. माइक तिच्या नेमका समोर असेल तर आवाज कानाला टोचतो; कडेला सरकवत न्याल तसा मऊ, जाड होत जातो. मी टोपी संपते तिथे थांबतो आणि जाळीवर खडूने खूण करतो. बोटभर सरकलं तरी फरक कळतो, तेव्हा इक्वलायझरला हात नंतर लावा.

गेन, म्हणजे ॲम्पवरचं आवाज फाडणारं बटण, रोजच्यापेक्षा कमीच. खोलीत दणदणीत वाटणारं डिस्टॉर्शन (तो फाटका आवाज) रेकॉर्डिंगमध्ये नुसता खरखराट होतं. २४ बिटवर रेकॉर्ड करताना लेव्हलची टोकं उणे १२ डेसिबलच्या (शून्य म्हणजे कमाल) आसपास राहिली तरी पुष्कळ.

कौलांवरचा पाऊस डिस्टॉर्शनखाली दडतो, क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजवताना नाही. घरघर आली तर फ्रिज बंद करा. नंतर चालू करा मात्र. आमचे बांगडे एकदा असेच गेले.