कपाशीवरची फवारणी: आधी किडी मोजा, मग पंप भरा

पोळ्याच्या सुमारास कपाशी पात्या-फुलांवर येते, ढगाळ हवेत तुडतुडे आणि पांढरी माशी वाढते आणि गावोगाव पंप बाहेर निघतात. याच हंगामात, २०१७ साली, यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यांनी विष प्यायलेलं नव्हतं. फवारणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते मुख्यतः कातडीतून, आणि श्वासातून. घामाने ओली कातडी ते अधिक वेगाने शोषते. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) खांद्याच्या वर गेली की प्रत्येक फवारा तोंडावर आणि छातीवर येतो. म्हणून हंगामातली एक फवारणी टळली तरी तेवढा धोका कमी होतो, आणि ती टाळणं बहुतेक वेळा शक्य असतं.

बीटी बियाण्याला कंपनीकडूनच औषध चोळलेलं असतं. त्यामुळे पहिला महिना-सव्वा महिना रसशोषक किडींसाठी फवारण्याची सहसा गरज पडत नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा सकाळी एकरात २० झाडं पाहा, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान उलटून मोजा. दर पानाला सरासरी तुडतुडे २-३, फुलकिडे १०, पांढरी माशी ८ ते १० यापेक्षा कमी असेल तर थांबा. ढालकिडे आणि कोळी त्यांचं काम करत असतात. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारलं, की आधी हेच मित्रकीटक मरतात आणि पंधरा दिवसांत पांढरी माशी दुप्पट जोराने येते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पहिल्या तीन महिन्यांत वापरूच नयेत, ते याचसाठी.

गुलाबी बोंडअळीसाठी ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग ३ रात्री सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा १०० फुलांत १० डोमकळ्या दिसल्या, तरच उपाय करा. डोमकळी म्हणजे गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. दिसताक्षणी तोडा, आतल्या अळीसकट नष्ट करा.

कीड वर दिलेल्या आकड्यांच्या जवळपास असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. सावलीत वाळवलेल्या, याच वर्षीच्या निंबोळ्या ५ किलो घ्या. जुन्या, बुरशी लागलेल्या निंबोळीत दम राहत नाही. जाडसर भरडून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी काठीने ढवळून दुहेरी फडक्यातून गाळा. चोथा पुन्हा थोड्या पाण्यात पिळा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. साबण नसेल तर थेंब पानावर पसरत नाही, ओघळून जातो. अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा, कारण उन्हात त्यातला कडू अंश विरतो. अळीला तो लगेच मारत नाही. तिचं खाणं आणि अंडी घालणं रोखतो, म्हणून दोन दिवसांत निकाल पाहू नका. दुकानातली ‘सेंद्रिय’ बाटली घ्यायची तर लेबलवर नोंदणी क्रमांक आहे का ते आधी बघा. नसेल तर आत काय आहे याचा भरवसा नाही.

रासायनिक औषध मारावंच लागलं तर एका वेळी एकच. दोन कीटकनाशकं, वर विद्राव्य खत आणि टॉनिक असा काला पंपात करू नका. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध शरीरातल्या त्या विकरांना (एन्झाइमांना) अडवतं जी पायरेथ्रॉइडचा निचरा करतात, म्हणून दोन्ही मिळून माणसाला जास्त भारी पडतात. साध्या पंपाची मात्रा आणि पेट्रोलवरच्या पंपाची मात्रा वेगळी असते. पेट्रोलवरच्या पंपात पाणी कमी आणि औषध तिप्पट दाट असतं, म्हणून त्याचा तुषार अंगावर येणं अधिक घातक. मोनोक्रोटोफॉस या अतिविषारी कीटकनाशकाची जुनी बाटली पडून असेल तर ती वापरू नका.

औषध ओतताना सगळ्यात जास्त धोका असतो, कारण ते तेव्हा निव्वळ असतं. रबरी हातमोजे घाला, मापाने मोजा, काठीने ढवळा. पंप गळतो का हे आधी साध्या पाण्यावर तपासा. पाठीवर ओलं झालेलं कापड तासनतास अंगाला चिकटून राहतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, चष्मा, मुखपट्टी हवीच. वारा पाठीमागून घ्या, दुपारी फवारू नका, फवारलेल्या ओळीत पुन्हा शिरू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, मऊ ब्रश किंवा गवताची काडी वापरा. हात धुतल्याशिवाय तंबाखू, बिडी, पाणी काही नको.

एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं: कपाशीच्या ओळींत टोबलेली चवळी, अंबाडी, काकडी, आणि आपोआप उगवलेला तांदुळजा. निंदायला आलेल्या बाया संध्याकाळी तीच भाजी ओट्यात नेतात. कपाशीच्या मात्रेत मारलेल्या औषधाचा भाजीवर किती दिवस अंश राहतो, हे लेबलवर दिलेलं नसतं, कारण ते भाजीसाठी नाहीच. फवारलेल्या शेतातली भाजी खाऊ नका, धुऱ्याचं (बांधाचं) गवत बैलाला-शेळीला टाकू नका, मजुरांना फवारणीची तारीख स्पष्ट सांगा. घरच्या भाजीची जागा वेगळी आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा.

मळमळ, डोकं गरगरणं, लाळ आणि घाम, अंधूक दिसणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, छाती दाटणं यातलं काहीही दिसलं की काम थांबवा. लक्षणं घरी गेल्यावर, रात्रीही सुरू होऊ शकतात. कपडे काढा, साबणाने पूर्ण अंग धुवा, कुशीवर झोपवा. उलटी करवू नका. दूध-तूप देऊ नका, स्निग्ध पदार्थाने काही औषधं अधिक शोषली जातात. १०८ ला फोन लावा आणि बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. अॅट्रोपिन हा उतारा ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतल्या कीटकनाशकांवर चालतो, सगळ्या औषधांवर नाही, म्हणून डॉक्टरला नाव कळायलाच हवं.