गुडघा बदलल्यावर या चुका टाळा: आधी पाय सरळ, वाकवणं नंतर

गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो, ‘वाकतो किती?’ विचारायला हवं ते ‘पूर्ण सरळ होतो का?’ महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यामागे पुष्कळदा पाच-दहा अंशांचा राहून गेलेला बाक असतो. तो बाक बहुतेक वेळा घरच्या खाटेवरच येतो, तोही प्रेमाने दिलेल्या उशीमुळे.

गुडघ्याखालची उशी

सुजलेल्या सांध्यात पाणी साठलेलं असतं. गुडघा साधारण ३० अंश वाकलेला असताना त्या पाण्याला सगळ्यात जास्त जागा मिळते आणि ताण उतरतो. म्हणून उशी ठेवली की बरं वाटतं. पण रात्रभर पाय तसाच राहिला की मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं. मग चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला उसंत मिळत नाही, वाटीभोवती दुखतं, पाय आखूड पडतो आणि महिन्याभरात कंबरही बोलायला लागते. लोक कंबरेला मलम चोळत बसतात आणि बाक तसाच राहतो.

तपासणं सोपं आहे. सपाट खाटेवर दोन्ही पाय लांब करून झोपा आणि घरच्या माणसाला दोन्ही गुडघ्यांखाली तळहात सरकवून बघायला सांगा. ऑपरेशनच्या बाजूला हात जास्त सहज शिरत असेल, तर तेवढा बाक उरला आहे.

उपाय असा: पंचाची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायची, म्हणजे गुडघा अधांतरी राहतो. १० मिनिटं, दिवसातून तीनदा. याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद धरायचा, सोडायचा, असं १० वेळा. आधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी घेतली तर व्यायाम निभतो. गोळी वाचवून व्यायाम टाळण्यात शहाणपण नाही. सूज उतरवायला पाय उंच करायचा असेल तर पोटरी आणि टाच दोन्हींखाली उशा लावा, फक्त गुडघ्याखाली नको.

वाकण्याचं म्हणाल तर दोन आठवड्यांत ९०, तीन महिन्यांत ११० ते १२० अंशांपर्यंत मजल गेली तर उत्तम. खुर्चीतून उठायला आणि पायऱ्या उतरायला साधारण १०५ अंश पुरतात.

जास्तीचं शेकणं, मालिश आणि लेप

नवा गुडघा काही महिने कोमट लागतो, संध्याकाळी सुजतो, चालताना कधी ‘टक्’ वाजतो (धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागतात, एवढंच). टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, कारण तिथली त्वचेची बारीक नस कापली जाते. यांपैकी कशानेही घाबरू नका. पण सुजलेल्या, गरम सांध्यावर निर्गुडीचा शेक दिला तर सूज वाढते. बर्फ बरा, तोही पातळ कापडातून, १५ मिनिटंच. बधिर भागाला बर्फ भाजतो आहे हे कळत नाही, म्हणून मधे उचलून कातडी बघा. पावसात दिवसभर वीज नसेल आणि फ्रीज बंद पडला असेल, तर माठाच्या पाण्यात बुडवून पिळलेला पंचाही चालतो.

पोटरीची मालिश पहिले काही आठवडे पूर्ण बंद. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एका पोटरीत नव्याने दुखणं, सूज, ताण आला तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना मेडिकलमधून आणखी एखादी वेदनाशामक मनाने आणू नका.

टाके काढल्यावर जखमेतून पाणी येत असेल, लाली पसरत असेल किंवा ताप येत असेल, तर घरातली उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका. त्याने ताप दबतो, पण सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाही. आधी सर्जनला दाखवा. आणि हे पुढच्या प्रत्येक पावसाळ्यासाठी: लावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या झाल्या तर अंगावर काढू नका. पायाच्या फाटक्या कातडीतून शिरलेले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतात.

आपलं घर

पाखाडीच्या (उतारावरच्या दगडी पायवाटेच्या) पायऱ्या उंचीला एकसारख्या नसतात. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, उंची मनगटाच्या घडीइतकी. वॉकर पायऱ्यांवर न्यायचा नाही. त्याच्या पायांची रबरी टोपणं झिजली असतील तर बदला. ओल्या चिऱ्यावर झिजलेलं रबर साबणासारखं घसरतं. शेवाळ धरलेलं अंगण आणि न्हाणी ब्लीचिंग पावडर टाकून खरवडून घ्या.

पाऊस लागला म्हणून चालणं बंद करायचं नाही. पडवी २० फूट असेल तर दहा वेळा जाऊन-येऊन ४०० फूट होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर अंतर निम्मं करा, शून्य नको.

विळी घेऊन जमिनीवर बसणं, आरतीला पाटावर मांडी घालणं सोडून द्या. गणपतीत खुर्चीवर बसल्याने देव रागावत नाही. खुर्ची हातांची, बसण्याची जागा १८ ते २० इंच उंच असावी. हलकी प्लास्टिकची ओल्या फरशीवर सरकते.

सहा आठवड्यांनीही बाक उरला असेल किंवा पाय ९० अंश वाकत नसेल, तर फिजिओच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका, सर्जनकडे जा. भूल देऊन आखडलेला गुडघा वाकवण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत चांगला लागू पडतो. त्यानंतर आतली चिकटण घट्ट होत जाते.