घारापुरीला आजोळी राहायला जायचं असेल तर

लेणी बघायची असतील तर गेटवेहून लाँच पकडा, तासाभरात पोचाल, संध्याकाळच्या शेवटच्या लाँचनं परत या. त्यासाठी माझी गरज नाही. ही माहिती आहे ती बेटावर ज्यांचा मामा आहे त्यांच्यासाठी. किंवा माझ्या नवऱ्यासारखे जे लग्न करून नव्यानं भाचेजावई झालेत त्यांच्यासाठी.

जायचं रविवारी संध्याकाळी. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणजे पायऱ्यांवरचं मामाचं टोप्यांचं आणि दगडी माळांचं दुकानही बंद. बेटाचा रविवार सोमवारी असतो. इतर दिवशी गेलात तर मामी तुमच्या हातात टोप्यांचा गठ्ठा देईल आणि पाहुणचार म्हणून तुम्ही दिवसभर गिऱ्हाईक बघाल. माझ्या दहावीच्या सुट्टीचा मोठा भाग त्यातच गेला.

आता गावाचं नाव नीट सांगायचं. बेटावर तीन गावं : शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. आमचं आजोळ मोराबंदर. पण उरणला लाँच सुटते त्या धक्क्याचं नावही मोराच. आईच्या लग्नाला पनवेलच्या वाजंत्र्यांना 'मोऱ्याला या' एवढंच सांगितलेलं. ते वेळेवर आले, उरणच्या मोऱ्याला, आणि धक्क्यावर बसून नवऱ्याची वाट बघत राहिले. नवरा तोवर बेटावर पोचून वाजंत्र्यांची वाट बघत होता. शेवटी पत्र्याचे डबे वाजवून वरात निघाली. वडील अजून म्हणतात, तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

मोठी लाँच शेतबंदरला लावते, तिथून चालत जायचं. मामा 'होडीनं थेट दारात सोडतो' म्हणाला तर आधी कालनिर्णय काढा. आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण तिथी तोंडपाठ. त्यांचा हिशोब असा : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या बाराच्या आगेमागे, आणि ते उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, हे विसरायचं नाही. माझे यजमान इंजिनिअर. त्यांनी मोबाइलवर भरतीची वेळ काढली होती, बरोबर काढली होती, फक्त आदल्या दिवशीची. होडी गावापासून हाकेच्या अंतरावर चिखलात बसली.

चिखलातून चालताना थांबायचं नाही. थांबलात की पाय आत जातो. चप्पल-बूट हातात घ्यायचे, पाय उचलून न टाकता सरकवत न्यायचा, आणि खडक दिसला की जपून, कालवांची शिंपलं पाय चिरतात. यजमानांनी बूट काढले नाहीत. उजवा बूट अजून तिथेच आहे. आजी काठावरून ओरडत होती, "होरी कोनाची वाट नाय बगत, तू कशाला उबा ऱ्हायलास?"

खाऊ न्यायचा असेल तर डब्यात, डबा पिशवीत, पिशवी पोटाशी. रंगीत पाण्याची बाटली हातात दिसली की माकड ती घेणार, टोपण उघडणार आणि तुमच्याकडे बघत पिणार. पहिल्या खेपेला आम्ही पेढ्यांचा पुडा नेला होता. जावई अंगणात पाय धूत होते तेवढ्यात पुडा कौलांवर गेला. आजीनं वर बघितलं आणि म्हणाली, "जावयाचा मान त्यालाच गेला."

रात्रीचं आता सोपं झालंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून बेटावर वीज आली. त्याआधी जनरेटर, संध्याकाळचे तीनेक तास. जेवण, अभ्यास, टीव्ही सगळं त्यातच कोंबायचं. मालिका रंगात आली की दिवे जायचे आणि उरलेली गोष्ट आजोबा अंधारात पुरी करायचे. त्यांच्या गोष्टीत खलनायक रोज रात्री बुडून मरायचा. दुसऱ्या दिवशी तो कोरड्या कपड्यांत कसा हजर, हे आम्ही कधी विचारलं नाही.

वीज आल्यावर मामानं फ्रीज आणला. आजीला तो पटला नाही. मावरं होडीतून थेट तव्यावर जायचं, मध्ये त्याला थंडी कशाला वाजवायची? मात्र फ्रीजचं दार माकडाला उघडता येत नाही, हे तिनं दोन दिवसांत हेरलं. त्यामुळे केळी, साबण, आजोबांचा चष्मा आणि देवाचे बत्तासे फ्रीजमध्ये मिळतील. मासे विचारू नका.

उन्हाळ्यात अंघोळीला एकच बादली, दुसरी मागायची नाही. आणि 'एलिफंटा म्हणता, मग हत्ती कुठाय' असंही विचारायचं नाही. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून नाव ठेवलं तो दगडी हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आजीचं उत्तर तयार असतं : "मुंबयला कामाला गेलाय. आमची पोरं गेली तसा."

निघताना ती सुक्या बोंबलांची पिशवी देईल. नको म्हणायचं नाही आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळायचंही नाही. लाँच भरलेली असली तरी पिशवी मांडीवर घेऊन बसा. दोन मिनिटांत दोन्ही बाजूंची माणसं आपणहून सरकतात आणि खिडकीजवळची जागा तुमची होते.