१/७२ मापातले भारतीय नॅट: चंदेरी रंगात, तीन चाकांवर उभे

नॅट म्हणजे ब्रिटिश फॉलंड कंपनीचे छोटे लढाऊ जेट. त्याचे प्लास्टिक मॉडेल करताना सगळ्यात आधी किट नीट बघा. एअरफिक्सचे नॅट हे टी.१ आहे, म्हणजे रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरती पथकाने उडवले ते दोन आसनी ट्रेनर. आपल्या हवाई दलाने १९६५ ला लढवले ते एक आसनी एफ.१. ट्रेनरचे धड लांब आणि पंखही मोठे असतात, त्यामुळे मागची सीट बुजवून तिरंगी खुणा चिकटवल्या तरी ते फायटर होत नाही. कापाकापीच्या फंदात न पडता एफ.१ चेच किट घ्या. शंका असेल तर पट्टी लावा: खरे विमान ८.७४ मीटर लांब, पंखांचा विस्तार ६.७३ मीटर. मॉडेल १२१ मिमी लांब आणि साधारण ९३ मिमी रुंद भरले पाहिजे.

मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन घालायचे, तेही धड बंद करण्यापूर्वीच. धडाचे दोन्ही भाग, पंख आणि शेपूट टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवून त्यावर मॉडेल तोला आणि नाक खाली जाईपर्यंत नाकात छर्रे वाढवत जा. वर आणखी एक ग्रॅम, कारण रंग आणि पुट्टी मागच्या बाजूला जास्त बसते. छर्रे शिशाचे असतील तर फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरू नका. शिशाची त्याच्याशी हळूहळू रासायनिक क्रिया होते, वजन फुगते आणि वर्षभरानंतर धडाचा सांधा उकलतो. अरलडाइट किंवा एम-सीलसारखे इपॉक्सी वापरा.

हवा आत घेणारी दोन्ही तोंडे हा नॅटचा चेहरा. ३० मिमीच्या दोन एडन तोफा नाकात नसून या तोंडांच्या बाहेरच्या कडेत, प्रत्येकी एक अशा बसवलेल्या होत्या. (लढाईत त्या अडकतात, ही वैमानिकांची नेहमीची तक्रार.) या मापात नळीचे भोक जेमतेम ०.४ मिमी येते. सुईने मध्यबिंदू ठोकून घ्या आणि ०.४ मिमीचे ड्रिल हाताने फिरवा. मोटार लावली की प्लास्टिक वितळून भोक तिरके होते. आतला सांधा ६०० नंबरचा पॉलिश पेपर दातकोरणीला गुंडाळून घासा.

पंख खांद्यावर बसतात आणि टोकाकडे किंचित खाली झुकतात. ते सरळ लावणे ही नेहमीची चूक. चाकांचे पाय धडातूनच निघत असल्याने त्यांच्यातले अंतर कमी असते. एक पाय जरा तिरका झाला तरी पूर्ण विमान कलते. गोंद ओला असतानाच मॉडेल काचेवर उभे करा आणि दोन्ही पंखटोकांची उंची मोजा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका. मुख्य चाकांची दारे शेवटी लावा. खऱ्या विमानात पाय अर्धवट उघडून तीच दारे हवेतला ब्रेक म्हणून वापरत.

रंगासाठी १९६५ निवडा. ३ सप्टेंबरला २३ स्क्वॉड्रनच्या ट्रेव्हर कीलर यांनी पाकिस्तानचे सेबर जेट पाडल्याची भारतीय नोंद आहे, आणि नॅटला ‘सेबर स्लेयर’ हे नाव याच युद्धाने दिले. तेव्हाची विमाने चंदेरी होती. १९७१ चे, म्हणजे बोयराच्या लढतीतले किंवा श्रीनगरवर निर्मलजीत सिंग सेखों यांनी उडवले तसे विमान करायचे असेल, तर नेमक्या त्या विमानाचा फोटो मिळेपर्यंत रंग ठरवू नका.

चंदेरी रंग काहीच लपवत नाही. पुट्टी ८००, मग १५००, मग २००० ने घासा, त्यावर चकचकीत काळा प्रायमर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. नंतर एअरब्रशने, १५ पीएसआय दाबावर, चंदेरीचे तीन-चार पातळ हात. जाड हात दिला तर धातूचे कण ओघळून ढग दिसतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर (थिनरवर वाळणारा रंग) मारणे टाळाच: थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग पांढुरका पडतो. मास्किंग टेप आधी तळहाताला दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करा.

चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक रंगाचा) एक हात मारूनच डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ फिल्मवरच्या खुणा, लावा, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून कडा चमकतात. गोल खुणेत केशरी बाहेर, हिरवा मध्ये. कॅनोपीला, म्हणजे वैमानिकावरच्या काचेला, मात्र पांढराच गोंद. सुपरग्लूची वाफ काच कायमची धुरकट करते. पॅनेलच्या रेघांत काळा वॉश (पातळ केलेला रंग) भरू नका, गडद राखाडी भरा. एवढ्याशा विमानावर काळ्या रेघा जाळीसारख्या दिसतात.