समुद्राच्या गाळातून नवं प्रतिजैविक शोधताना

समुद्री औषधं म्हटलं की आधी स्पंज आठवतो. पण हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगपेशी मारणारं संयुग मिळवायला न्यूझीलंडच्या समुद्रातून एक टन स्पंज काढावा लागला आणि हाती आलं जेमतेम ३०० मिलिग्रॅम. त्याच्यावर आधारलेलं एरिब्युलिन २०१० मध्ये औषध म्हणून मान्य झालं, तेही संपूर्णपणे प्रयोगशाळेत घडवून. मर्यादित साधनं असलेल्या प्रयोगशाळेने गाळातल्या ॲक्टिनोमायसिटपासून (बुरशीसारखे तंतू काढणाऱ्या, प्रतिजैविकं बनवणाऱ्या जिवाणूंपासून) सुरुवात करावी. चमचाभर गाळ पुरतो आणि जिवाणू हवा तेव्हा पुन्हा वाढवता येतो. कर्करोगावर तपासलं गेलेलं सॅलिनोस्पोरामाइड ए (२००३) बहामाच्या गाळातल्या सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या ॲक्टिनोमायसिटमधूनच मिळालं.

गाळ शक्यतो भरती-ओहोटीच्या पट्ट्याबाहेरून, पाण्याखालचा घ्या. खाडीतल्या किंवा कांदळवनातल्या चिखलात नदीबरोबर वाहून आलेले जमिनीवरचे बीजाणू भरपूर असतात. कांदळवन किंवा मालवणसारखं सागरी अभयारण्य असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी. वरचा दोनेक सेंटिमीटर थर निर्जंतुक नळीत भरा, बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठवू नका. जागा, खोली आणि तारीख तिथेच लिहा.

जिवाणू वाढवायचं माध्यम साधं आहे: एक लिटर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात स्टार्च १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४ ग्रॅम, पेप्टोन २ ग्रॅम, अगार १८ ग्रॅम. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) निर्जंतुक केल्यावर तळाला साका दिसला तर घाबरू नका, तो समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांचा असतो. ५० अंशांपर्यंत गार झाल्यावर बुरशी रोखण्यासाठी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घाला. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. निम्म्या प्लेटमध्ये मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम रिफाम्पिसिन हे प्रतिजैविकही घाला. सॅलिनिस्पोरा त्याला दाद देत नाही, पण इतर काही चांगले ॲक्टिनोमायसिट मरतात, म्हणून निम्म्याच.

एक मिलिलिटर ओला गाळ चार मिलिलिटर निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात मिसळून ५५ अंशांवर सहा मिनिटं ठेवा. जोरात हलवा, आणखी पातळ करा आणि ५० मायक्रोलिटर प्लेटवर पसरवा. गाळाचा दुसरा भाग लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) रात्रभर सुकवून खलात कुटा आणि निर्जंतुक फोमच्या बोळ्याने प्लेटवर गोलाकार ठसे उमटवत जा.

सगळ्यात जास्त प्लेटी वाया जातात त्या बॅसिलस या झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूमुळे. त्याची ओलसर वसाहत रातोरात पसरते, आणि ५५ अंशांनी त्याचे बीजाणू मरत नाहीत. उपाय दोनच: गाळ अधिक पातळ करा आणि प्लेटी वापरण्याआधी नीट कोरड्या करा. मग २८ अंशांवर दोन ते सहा आठवडे धीर धरा, आणि प्लेटी सुकू नयेत म्हणून पिशवीत ठेवा. आठवड्याभरात फेकून देणाऱ्याच्या हाती सॅलिनिस्पोरा लागत नाही. त्याची वसाहत आधी केशरी असते, बीजाणू धरले की काळपट होते. ॲक्टिनोमायसिटची खूण म्हणजे वसाहत अगारात घट्ट रुतलेली असते, लूपने सहज सुटत नाही.

शुद्ध केलेला प्रत्येक वाण गोड्या पाण्याच्या माध्यमावरही लावून पाहा. तिथे वाढला नाही तर तो खरा समुद्री, त्याला आधी हात घाला.

अर्कासाठी अगारविना याच माध्यमात वाण घालून सात दिवस २८ अंशांवर फिरतं ठेवा. तेवढ्याच इथाइल ॲसिटेटने दोनदा अर्क काढा, फ्यूम हूडमध्येच. शेजारी जिवाणूविना माध्यमाचाही असाच अर्क करा. हा कंट्रोल नसेल तर पुढच्या निकालाला अर्थ नाही. अर्क मिथेनॉलमध्ये मिलिलिटरला १० मिलिग्रॅम करा, सहा मिलिमीटरच्या चकतीवर २० मायक्रोलिटर टाका आणि मिथेनॉल पूर्ण उडू द्या. मुलर-हिंटन अगारवर स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय ०.५ मॅकफरलंड (गढूळपणावरून जिवाणूंची घनता ठरवायचं माप) घनतेने पसरवून चकत्या ठेवा आणि ३७ अंशांवर १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वलय मोजा.

वलय दिसलं की खरं काम सुरू होतं, कारण बहुतेक वलयं आधीच ठाऊक असलेल्या संयुगांची असतात. अर्क केशरी-पिवळा आणि स्टॅफिलोकोकसवर मोठं वलय असेल तर पहिला संशय ॲक्टिनोमायसिन या जुन्या, ज्ञात संयुगावर घ्या. ४४० नॅनोमीटरच्या आसपास शोषणशिखर आलं तर तो बळावतो. अंधुक, कडा नसलेलं वलय अनेकदा मेदाम्लांचं असतं. टीएलसी पट्टीवर (जिच्यावर अर्कातली संयुगं वेगवेगळ्या ठिपक्यांत विभागतात) जिवाणूंचा अगार ओतून कुठला ठिपका मारक आहे ते पाहा, मग एलसी-एमएसवर (संयुगं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) त्याचं वस्तुमान काढून ज्ञात संयुगांशी ताडा. १६एस या जनुकाचा अनुक्रम वाण ओळखायला मदत करतो, पण एकाच प्रजातीचे दोन वाण वेगवेगळी संयुगं बनवू शकतात. नावावरून वाण बाद करू नका.

काही नवं दिसलं तर पेटंट घेताना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाळावे लागतात. आणि वाण शुद्ध होताच, पहिल्याच आठवड्यात, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. पुन्हापुन्हा प्लेट बदलत नेलेला वाण छान वाढत राहतो आणि संयुग बनवणं मात्र कधी कधी सोडून देतो. तेव्हा परतायला हीच कुपी लागते.